एरंडेल आणि कॅप्सूल

आमच्या घरात अपेंडिक्सची दोन ऑपरेशनं झाली. पहिलं २०१० साली, माझ्या थोरल्या जावेच्या मुलाचं. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. दुसरं २०२४ च्या पावसाळ्यात, माझ्या धाकट्या लेकीचं. तिला दहावं लागलं होतं. दोन्ही वेळी एकेक चूक माझ्या हातून घडली. पहिली घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण कुणी बोलून दाखवत नाही. दुसरी मी स्वतःच गावभर सांगत असते. आज दोन्ही लिहून काढते.

२०१० ची दिवाळी नुकतीच झाली होती आणि कापसाची वेचणी ऐन भरात होती. माझा थोरला तेव्हा अंगावर पीत होता, म्हणून मी घरी आणि बाकी सगळी रानात. पुतण्या दुपारीच शाळेतून परत आला आणि ओसरीवर आडवा झाला. "काकू, बेंबीपाशी दुखतंय," म्हणाला. जेवला नाही. दोनदा उलटी झाली. आदल्या दिवशी पोरांनी बांधावरची सीताफळं खाल्ली होती. सासूबाई म्हणाल्या, बिया गिळल्या असतील, अडकल्या असतील, पोट साफ होऊ दे. मलाही तेच वाटलं. फडताळातली एरंडेलाची बाटली काढली आणि गरम दुधातून दोन चमचे पाजलं. तो नको नको म्हणत होता. मी नाक दाबून पाजलं.

दोन-तीनदा परसाकडे जाऊन आला, पण दुखणं थांबलं नाही. संध्याकाळी ते बेंबीवरून सरकून उजवीकडे खाली आलं. लेकरू गुडघे पोटाशी घेऊन एका कुशीवर पडून राहिलं. मिठाची पुरचुंडी तापवून शेकलं. रात्री अंग तापलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र दुखणं एकदम थांबलं. मला इतका आनंद झाला की मी मुलाला काखोटीला मारून रानात गेले आणि जावेला सांगितलं, "उतरलं बरं का बाई. आता निजलाय शांत." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा वेचायला लागली. ती तिची मान खाली घालून वेचणारी मूर्ती अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

दुखणं थांबलं होतं, कारण आत अपेंडिक्स फुटलं होतं. ठणकणारा गळू फुटला की क्षणभर बरं वाटतं ना, तसंच. दिवेलागणीला पोट फळीसारखं टणक झालं, चेहरा पांढरा पडला. जीप करून जिल्ह्याच्या गावी नेलं. रात्री ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "फुटलेलं होतं. पोटात पू पसरलाय." त्यानंतर अकरा दिवस पोटात नळी, हाताला सलाईन आणि सकाळ-दुपार-रात्र इंजेक्शनं. घरात आलेला कापूस मिळेल त्या भावानं घालावा लागला. लेकरू वाचलं.

एरंडेलानं फुटलं की दीड दिवस घरी घालवल्यानं, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, तसं ठामपणे कुणालाच सांगता येणार नाही, पण असल्या पोटदुखीत जुलाब कधी देऊ नये आणि असं दुखणं घरात ठेवू नये. जाऊ एकदाच बोलली, "तुला काय ठाऊक होतं?" त्यानंतर तो विषय तिनं कधी काढला नाही.

पण यातून आम्ही सगळे एक धडा शिकलो आणि तो धडाच चुकीचा होता. अपेंडिक्सचं ऑपरेशन म्हणजे अकरा दिवसांची इंजेक्शनं, भरपूर औषध, असं घराच्या आणि गल्लीच्या डोक्यात पक्कं बसलं. ते औषध ऑपरेशनसाठी नव्हतं, पोटात पसरलेल्या पुवासाठी होतं. हा फरक कळायला मला चौदा वर्षं लागली.

२०२४ च्या आषाढात, खुरपणीच्या दिवसांत, एका सोमवारी लेकीनं सकाळची भाकरी अर्धी टाकली. शाळा चुकवायचं सोंग असेल म्हणून मी दटावलं. पुतण्या आता तालुक्याच्या गावी गॅरेजात कामाला जातो. तो संध्याकाळी आला तेव्हा ती कमरेत वाकून, उजवीकडे हात धरून चालत होती. तो तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "जागेवर उडी मार बरं." तिनं टाचा उचलल्या, खाली टेकवल्या आणि रडायलाच लागली. माझा हात ओव्याच्या डब्याकडे गेला होता. तो म्हणाला, "काकू, काही देऊ नका. पाणीसुद्धा नको. चला." त्यानं अंगावरचे तेलकट कपडेही बदलले नाहीत.

ही उडीची खूण त्याला २०१० साली डॉक्टरांनीच सांगितली होती. पोटाच्या आतल्या पडद्याला सूज आली की धक्का बसताच लेकराला असह्य होतं. दवाखान्याच्या वाटेवर खड्डे आले की ती कळवळायची, तेव्हा तो मागं वळून बघायचा आणि काही बोलायचा नाही.

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. रात्री एकच्या सुमारास तिला आत घेतलं. आत न्यायच्या आधी सिस्टरनं सलाईनमधून एक इंजेक्शन दिलं. मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. तासाभरानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सुजलं होतं, पण फुटलं नव्हतं. वेळेवर आणलंत."

दुसऱ्या दिवशी मी वाट बघत होते, आता इंजेक्शनं सुरू होतील, मग सुरू होतील. कुणी काही लावीना. लेक पाणी प्यायली, मग पेज प्यायली, संध्याकाळी वऱ्हांड्यात चार पावलं चालली. तिसऱ्या दिवशी घरी जायला सांगितलं. चिठ्ठीवर एकच औषध होतं, तिच्या वजनाप्रमाणे दुखण्यावरचं पातळ औषध, चार दिवस. मी सिस्टरना विचारलं, "आणि पावरच्या गोळ्या? इंजेक्शनं?" त्या म्हणाल्या, "झालं की ते. आत जायच्या आधीच दिलं होतं."

माझा विश्वास बसला नाही. एकाच घरातली दोन लेकरं, एकच रोग, एकाला अकरा दिवस औषध आणि एकीला एक इंजेक्शन? मनात नको ते आलं. गरीब बघून बोळवण केली असेल, खाट रिकामी करायची असेल. घरी आल्यावर सासूबाईंनी त्यावर फोडणी दिली, "पोट चिरलंय लेकराचं आन् औषध एवढंच? कामून गं?" मी संध्याकाळी गावातल्या मेडिकलवर गेले आणि ऑपरेशननंतर चालतात त्या पावरच्या गोळ्या मागितल्या. दुकानदारानं पाकीट पुढं केलं. पाकिटावर उभी लाल पट्टी होती. ती कशासाठी असते हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. लेकरू लहान, म्हणून माझ्या अकलेनं गोळी अर्धी केली आणि सकाळ-संध्याकाळ द्यायला लागले.

तिसऱ्या दिवशी पहाटेपासून तिला जुलाब सुरू झाले. सात-आठ वेळा झाले. मला २०१० आठवलं आणि हातपाय गार पडले. पुन्हा जिल्ह्याचा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं. मऊ होतं. जखम कोरडी होती, ताप नव्हता. मग त्यांनी विचारलं, "घरी काय काय दिलंत?" मी पिशवीतून ते पाकीट काढून टेबलावर ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी खुर्ची ओढायला सांगितली आणि दहा मिनिटं मला समजावून दिलं. त्या दहा मिनिटांसाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी करंगळीएवढी शेपटी. तिचं तोंड बुजलं, बहुधा मळाच्या कठीण खड्यानं किंवा आतल्या सुजेनं, की आत जंतू वाढतात आणि ती फुगते. (सीताफळाच्या बियांवर आपण उगाच आळ घेतो. बी सापडलेली उदाहरणं आहेत, पण फार थोडी.) फुगलेली शेपटी फुटायच्या आत अख्खी कापून काढली, तर रोगाचं मूळच बाहेर गेलं. मागं राहते ती फक्त भीती, की कापताना थोडे जंतू पोटात किंवा जखमेत सांडले असतील. त्यांचा बंदोबस्त करायला औषध सुरी लागण्याच्या वेळी रक्तामांसात हजर पाहिजे. म्हणून ते आधी देतात, साधारण तासाभराच्या आत. कुणी डॉक्टर पुढच्या चोवीस तासांत आणखी एक-दोन डोस देतात. त्यापुढे देत राहून जखम जास्त चांगली भरते असं दिसलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ साली स्पष्टच सांगितलं, की बचावासाठी दिलेलं अँटिबायोटिक ऑपरेशन संपल्यावर लांबवू नये.

हे काही अलीकडचं खूळ नाही. १९६१ साली अमेरिकेत बोस्टनला जॉन बर्क नावाच्या शल्यचिकित्सकानं गिनीपिगांवर प्रयोग केले. त्यांच्या कातडीत जंतू टोचले आणि पेनिसिलिनसारखी औषधं वेगवेगळ्या वेळी देऊन पाहिली. जंतू टोचण्याच्या आधी औषध दिलं तर त्याचा परिणाम सर्वांत चांगला. जसजसा उशीर तसतसा परिणाम कमी. आणि तीन तास उलटले की दिलं काय नि न दिलं काय, सारखंच. पुढं माणसांच्या ऑपरेशनातही हाच अनुभव आला.

हे मला पटलं ते परत येताना, एस.टी.च्या खिडकीतून पेरलेली रानं बघताना. आपण बुरशीनाशक बियाण्याला कधी चोळतो? पेरणीच्या आधी. बी मातीत पडलं त्या क्षणी औषध त्याच्या अंगावर असतं. ती मूठभर भुकटी जे काम करते, ते मर लागल्यावर चार पंप फवारूनही होत नाही. आणि बीजप्रक्रिया केलेलं, तरारून उगवलेलं पीक बघून कुणी शहाणा म्हणत नाही, की चला आता आठ दिवस रोज फवारू. माझ्या लेकीची बीजप्रक्रिया झाली होती आणि मी निरोगी पिकावर फवारत होते.

फुटलेल्याची गोष्ट मात्र वेगळी. तिथं जंतू पोटभर पसरलेले असतात, म्हणजे रोग पिकावर आलेलाच असतो. तिथं औषध दिवसेंदिवस द्यावं लागतं आणि ते किती द्यायचं हे ताप उतरला का, लेकरू खातंय का, रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली आल्या का, यावर ठरतं. पुतण्याचे अकरा दिवस वाया नव्हते, त्यावरच तो जगला. असं औषध डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर बरं वाटतंय म्हणून मधेच सोडू नये, हेही बाईंनी बजावलं. अर्थात तिथंही आता हिशोब बदलतो आहे. नेदरलँड्समधल्या पंधरा दवाखान्यांत, अपेंडिक्स बिघडून फुटलेल्या किंवा सडलेल्या हजाराहून अधिक रोग्यांना, आठ वर्षांच्या मुलांपासून पुढे, ऑपरेशननंतर कुणाला दोन दिवस तर कुणाला पाच दिवस शिरेतून औषध दिलं. २०२३ साली निकाल छापून आला. दोन दिवसवाले पाच दिवसवाल्यांच्या मागं पडले नव्हते. तिथं बहुतेक ऑपरेशनं दुर्बिणीतून झालेली होती हे लक्षात घ्यायला हवं. आपल्याकडच्या प्रत्येक लेकराला ते माप लागू होईलच असं नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

आता माझे दीर कुठूनतरी ऐकून आले, की अपेंडिक्स गोळ्यांनीच बरं होतं, कापायची गरजच नाही. अगदी खोटं नाही ते. पण अर्धं आहे. ५ ते १६ वर्षांच्या ९३६ मुलांवर पाच देशांतल्या अकरा दवाखान्यांत हे तपासलं गेलं. काहींना ऑपरेशन, काहींना फक्त अँटिबायोटिक. निकाल २०२५ साली आला. नुसत्या औषधावर ठेवलेल्या मुलांपैकी साधारण तिघांतल्या एकाला वर्षभरात तो उपाय पुरला नाही. शिवाय ती मुलं न फुटलेल्या दुखण्याची होती, सोनोग्राफी करून घेतलेली, आणि औषधाची सुरुवात दवाखान्यात शिरेतून झालेली. आपल्या मेडिकलवरची अर्धी गोळी नव्हे. आपल्या रानातून जिल्ह्याचा दवाखाना दीड-दोन तासांवर असताना, औषधावर राहून पुन्हा रात्री-अपरात्री दुखायला लागलं तर काय, हा विचार ज्यानं त्यानं करावा. मी असते तर ऑपरेशनच निवडलं असतं.

या औषधांची किंमत कळायची असेल तर ती नव्हती तेव्हाचं बघावं. १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात महात्मा गांधींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. ते तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात कैदी होते. कर्नल मॅडॉक यांनी रात्री ऑपरेशन केलं, मधेच वीज गेली आणि शेवटी कंदिलाच्या उजेडात ते पुरं केलं. पेनिसिलिनचा शोध फ्लेमिंगना लागला १९२८ साली आणि ते रोग्यांपर्यंत पोचायला १९४० नंतरचा काळ उजाडला. म्हणजे गांधीजींच्या वेळी जंतूंविरुद्ध डॉक्टरांच्या हाती अशी औषधं नव्हतीच. ५ फेब्रुवारीला त्यांची सुटका झाली, तरी त्यानंतरही त्यांना बरेच दिवस दवाखान्यातच राहावं लागलं.

हेच दिवस पुन्हा येऊ शकतात, असं बाई म्हणाल्या. फ्लेमिंगनीही १९४५ साली नोबेल घेताना केलेल्या भाषणात इशारा दिला होता, की कमी मात्रेत औषध घेतलं तर जंतू मरत नाहीत, उलट ते पचवायला शिकतात. माझी अर्धी गोळी म्हणजे तेच. कापूस करणाऱ्याला हे वेगळं समजावावं लागत नाही. २००२ साली बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळी आता संपली असं आपण म्हणालो. २०१७ साली बोंडं फोडली तर आत गुलाबी अळी आरामात बसलेली. ती त्या विषाला सरावली होती. जंतूंच्या पिढ्या तर अळीपेक्षा कितीतरी झपाट्यानं होतात. म्हणूनच मार्च २०१४ पासून सरकारनं अनेक भारी अँटिबायोटिकं अशा यादीत घातली, की चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि विकल्याची नोंद दुकानदारानं वेगळ्या वहीत ठेवायची. पाकिटावरची ती लाल पट्टी म्हणजे हेच सांगणं, की हे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. वहीचं काय होतं ते आपण बघतोच. पण पट्टी तर आपल्यालाही दिसते.

लेकीचे जुलाब गोळ्या बंद केल्यावर दोन दिवसांत थांबले. पोटात राहणारे चांगले जंतूही त्या औषधानं मरतात, म्हणून तसं झालं होतं. मीठ-साखरेचं पाणी आणि ताक-भात, एवढंच दिलं.

आता शेजारची कुणी लेकराचं पोट दुखतंय म्हणून आली की मी आधी विचारते, जेवलं का, उलटी झाली का, दुखणं बेंबीवरून उजवीकडे सरकलं का, उडी मारता येते का. लहान पोरांत सगळ्या खुणा दिसतीलच असं नाही, फार लहान असलं तर ते नुसतं रडतं आणि मलूल होतं. काही तास उलटूनही दुखणं हटत नसेल तर एरंडेल नाही, शेक नाही, पोट चोळणं नाही, दुखीचं इंजेक्शन घेऊन घरी झोपणं नाही, तडक दवाखाना. दुखणं एकाएकी थांबलं म्हणून तर मुळीच थांबायचं नाही. आणि ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांना सरळ विचारायचं, "फुटलं होतं की नव्हतं?" त्या एका उत्तरावर पुढचं सगळं औषध ठरतं. मी तो प्रश्न विचारलाच नव्हता असं नाही, बाईंनी आपणहून सांगितलं होतं, पण ऐकून मी सोडून दिलं. घरी आल्यावर ताप आला, जखम लाल झाली, पाणी किंवा पू आला, पोट फुगलं, तर मेडिकलवर न जाता ऑपरेशन केलं त्यांच्याकडे परत जायचं.

यंदा तुरीची डाळ केली तेव्हा तिला लावायला मी फडताळातून एरंडेल काढलं. जाऊ डाळ परातीत पसरत होती. पुतण्या गॅरेजातून आला, बाटलीकडे बघून म्हणाला, "काकू, ते डाळीपुरतंच ना?" मला काय बोलावं कळेना. जावेच्या तोंडून आधी हसू फुटलं, मग माझ्या. चौदा-पंधरा वर्षांत त्या बाटलीवरून आम्ही दोघी पहिल्यांदा हसलो. लेक विचारत राहिली, "काय झालं, काय झालं?" पुतण्यानं तिला नुसतं सांगितलं, "उडी मार बघू," आणि ती परातीभोवती टणाटण उड्या मारत फिरली, डाळ सांडेपर्यंत.